पाच हजारांच्या आतली चोरी

पाच हजार रुपयांत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, काय काय येतं, हे नागपुरातल्या कॉलेजच्या मुलींना पक्कं ठाऊक असतं. मेन रोडच्या फुटपाथवरून सुरुवात केली तर कुर्ते, जीन्स, चपला, पर्स, कानातली असं सगळं घेऊन वर पाणीपुरीला पैसे उरतात. १ जुलै २०२४ पासून हाच आकडा फौजदारी कायद्यातही आला आहे. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. तुरुंगात जावं लागत नाही.

हे कलम आल्यापासून आमच्या घरात त्यावरून वाद पेटलेला आहे, कारण माझ्या मामांचं गांधीबागेत साड्यांचं दुकान आहे.

“म्हणजे सरकारनं रेटच बांधून दिला,” मामा म्हणाले. “चार हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत उचला, सापडलात तर चार दिवस झाडू मारा आणि घरी जा.”

मार्केटमधले बहुतेक दुकानदार मामांच्या बाजूचे आहेत. मावशीचं मत उलट आहे. आयुष्यभर शाळेत शिकवलेली ती बाई म्हणते, एका कुर्त्यासाठी कोणाच्या पोरीचं आयुष्य नासवायचं नाही, नसेल परवडत म्हणून उचललं, जाऊ द्या. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी मामांचं ऐकू या, कारण त्यांचं म्हणणं आपण फार लवकर झटकून टाकतो. लग्नसराईतला शनिवार घ्या. गादीवर एकाच वेळी तीन घरांचे बस्ते चालू असतात. चार-पाच बायका मिळून येतात. एक वरच्या खणातली साडी मागते, दुसरी रंग उजेडात बघायला म्हणून दाराशी जाते, तिसरी भावावरून घासाघीस करत बसते. सेल्समन पाठ वळवून थप्पीतून एक घडी ओढेपर्यंत गादीवरची दुसरी घडी शालीखाली आणि तिथून परकराला आतून शिवलेल्या पिशवीत गेलेली असते. रात्री मोडलेल्या घड्या परत लावताना दोन नग कमी भरतात. तेव्हा कॅमेऱ्यात बघितलं तर दिसतात फक्त पाठमोऱ्या बायका आणि साड्यांचा डोंगर.

आता हिशेब. हजाराला विकलेल्या साडीत मामांना दीडशे रुपये सुटतात. ती चोरीला गेली की साडेआठशे बुडाले. ते भरून काढायला तशाच सहा साड्या विकाव्या लागतात, आणि त्या सहा विकल्यानंतरही दुकानाचं भाडं, वीज, सेल्समनचा पगार यांतलं काहीच निघालेलं नसतं. “लोकांना वाटते सेठचं काय जाते,” मामा म्हणतात. “माझी अर्धी दुपार फुकट जाते.”

मामांची अडचण खरी आहे, आणि अशा टोळीला मुकाट सोडावं असं मी कधीच म्हणणार नाही. गंमत अशी की तसं नवी संहिताही म्हणत नाही. तिच्यात कलम ११२ आहे, किरकोळ संघटित गुन्ह्यांचं. गटानं किंवा टोळीनं केलेल्या चोरीत दुकानातली उचलेगिरी तिथं नाव घेऊन लिहिली आहे. शिक्षा कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त सात वर्षं. मी मोबाइलवर ते कलम दाखवलं तेव्हा मामांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. झाडू मारण्याची तरतूद त्या बायकांसाठी नाहीच, हे मार्केटमध्ये कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ‘पाच हजारांपर्यंत माफी’ एवढंच एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पोचलं होतं.

आणखी एक गोष्ट मामा स्वतःच कबूल करतात. मार्चअखेर स्टॉक मोजताना जी तूट निघते ती सगळी चोरांची नसते. सुरतेहून आलेल्या गठ्ठ्यातच एखादा नग कमी असतो, बिल दुसऱ्या नगाचं फाटलेलं असतं, एखादी साडी डाग पडून मागे टाकलेली असते, आणि कधी कधी घरचाच माणूस हात मारतो. पण तूट कागदावर आली की ती ‘चोरी’ या एकाच खात्यावर टाकायची सवय असते. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेनंही असंच केलं होतं. २०२१ सालच्या ९४.५ अब्ज डॉलरच्या तुटीपैकी जवळपास निम्मी संघटित टोळ्यांमुळे झाली, असा दावा त्यांनी छापला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो मागे घेतला. तोवर त्या दाव्याच्या जोरावर खूप आरडाओरड होऊन गेली होती.

मावशीच्या बाजूनं मी उभी राहू शकत नाही त्याचं कारण वेगळं आहे. बर्डीवरच्या एका मोठ्या दुकानात कामाला असलेली एक मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. सकाळी साडेदहाला उभी राहते ती रात्री साडेनऊपर्यंत. तिच्याकडे रॅक नेमून दिलेले आहेत. त्या रॅकवरचा नग कमी भरला की त्याची किंमत तिच्या पगारातून कापतात, तीही टॅगवरची किंमत, खरेदीची नव्हे. एका दिवाळीत दोन जीन्स गेल्या आणि महिन्याच्या अकरा हजारांतून जवळजवळ अडीच हजार कापले गेले. पगारातून कपात कधी करायची याचे नियम आपल्या देशात १९३६ च्या कायद्यापासून आहेत. माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला हवा, नुकसान त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं हवं, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडू द्यायला हवी. तिला कोणी काही विचारलं नाही. दिवाळीच्या गर्दीत एकटीनं चार रॅक आणि ट्रायल रूमची रांग सांभाळणाऱ्या मुलीचा हलगर्जीपणा तो कोणता?

‘जाऊ द्या, दुकानदाराला काय कमी आहे’ असं म्हणताना आपण त्या जीन्सची किंमत तिच्या खिशातून देत असतो. चोरी करणाऱ्याला हे माहीत नसतं. मावशीलाही माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “तर मग त्या मालकालाही कोर्टात उभं करा.” तेही मला मान्य आहे.

आता त्याच दुकानातली दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी मामांपासूनही दूर गेले. नागपूरबाहेरून रोज बसनं कॉलेजला येणारी एक मुलगी तिथं ओढणी लपवताना सापडली. किंमत ३४९ रुपये. तिला मागच्या गोदामात नेलं. मोबाइल काढून घेतला. पुरुष सिक्युरिटीनं हात लावायला नको म्हणून झडती घ्यायचं काम माझ्या ओळखीच्या त्याच मुलीवर आलं, जिचा पगार कापला गेला होता.

“मले तिचा लय राग आलता ताई,” ती मला म्हणाली. “पण लोकाइचे कपडे चाचपाची नोकरी मी घेतली नवती.”

मग माफीनामा लिहून घेतला. घरी फोन करू, कॉलेजात कळवू, पोलिसांत देऊ असं आळीपाळीनं सांगत किमतीच्या दहापट दंड मागितला. मुलीनं मैत्रिणीकडून मोबाइलवर पैसे मागवले आणि ३४९० रुपये भरले. या सगळ्यात तीन-साडेतीन तास गेले. ते पैसे कोणत्याच बिलात आले नाहीत, आणि पगार कापलेल्या मुलीलाही त्यातला एक रुपया मिळाला नाही. शेवटी ओढणी हातात धरायला लावून तिचा फोटो काढला. तो प्रिंट करून ट्रायल रूमकडे जाणाऱ्या बोळातल्या भिंतीवर लावला, वर लाल मार्करनं ‘चोर’.

ती भिंत मी बघितली आहे. बरेच फोटो आहेत. काही पोरं मिसरूड न फुटलेली. एक आजीबाई आहेत, हातात लहान मुलाचा स्वेटर. काही चेहरे कॅमेऱ्याकडे बघताहेत, बरेचसे खाली. बारकाईनं बघितलं तेव्हा लक्षात आलं की चांगल्या घरची म्हणावी अशी एकही व्यक्ती त्यात नाही. चांगल्या घरचे लोक चोरत नाहीत असं कोणताही सेल्समन म्हणणार नाही. त्यांना विचारा, ते सांगतील की महागड्या पर्समधून काय काय निघतं. पण त्या बाईंचे यजमान गाडी घेऊन येतात, बिल भरतात, ‘गैरसमज झाला’ म्हणतात आणि गोष्ट तिथेच मिटते. भिंतीवर तोच जातो ज्याला घ्यायला कोणी येत नाही.

मी मॅनेजरला विचारलं की हे फोटो कधी काढणार. तो भला माणूस वाटला, चिडला नाही. “डर रहना चाहिए ना मॅडम,” म्हणाला. मग पुढे म्हणाला की काढायचे असं कोणी ठरवलेलंच नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते याच उत्तरानं. न्यायालय शिक्षा देतं तेव्हा ती किती दिवसांची ते लिहून देतं. खुनाच्या शिक्षेलासुद्धा पुनर्विचाराची, सवलतीची, सुटकेची वाट असते. या भिंतीवरच्या शिक्षेला तारीखच नाही. भिंत तरी एका दुकानातली आहे. कॅमेऱ्याचं फुटेज आता थेट व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. ‘सावधान, ही बाई तुमच्या एरियात फिरत आहे’ असं लिहून महाल भागातला व्हिडिओ तासाभरात जरीपटक्यात पोचतो. त्यातली बाई खरंच चोर होती का, नंतर काय झालं, हे कोणी विचारत नाही.

माझी एक मैत्रीण सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. ओढणीचा किस्सा तिला सांगितला तेव्हा तिनं जे समजावलं त्यानं माझा या वादाकडे बघण्याचा रोखच बदलला. ती म्हणाली, त्या मुलीच्या बाबतीत कायद्याला दोन दारं आहेत, आणि दोन्ही चुकीच्या ठिकाणी उघडतात.

पहिलं दार कलम ३०३ चं. पाच हजारांखालची पहिली चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे दुकानदार पोलीस ठाण्यात गेला तर तिथं एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून घेतात आणि पुढचं न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊन करा म्हणून सांगतात. दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ३४९ रुपयांच्या ओढणीसाठी दुकान बंद ठेवून न्यायालयाच्या खेपा कोण घालणार? कोणी घालत नाही. शिक्षा हलकी केली हे चांगलंच झालं, पण तिच्याबरोबर दुकानदाराचा न्यायालयाकडे जायचा साधा रस्ताही बंद झाला. सामुदायिक सेवेची तरतूद छान आहे, पण तिथवर प्रकरण पोचायला तर हवं!

दुसरं दार कलम ३०५ चं. राहत्या घरातली किंवा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी त्यात येते, आणि दुकान हे अशीच इमारत धरता येतं. जुन्या दंड संहितेत हेच कलम ३८० होतं आणि दुकानातल्या चोऱ्यांना ते लावलं जायचं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे तीच ओढणी, तीच मुलगी, तोच रॅक, पण लिहून घेणाऱ्यानं कुठलं कलम घातलं यावर ती झाडू मारून संध्याकाळी घरी जाईल की जामिनासाठी धावाधाव करेल हे ठरणार. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीशेजारून जाताना मला हल्ली ते आठवतं.

ही दोन दारं अशी असली की माणसं तिसरं दार शोधतात, आणि ते असतं दुकानाच्या मागच्या गोदामाचं. खरं तर घोषित फरारी सोडले तर सामान्य नागरिकाला कोणाला पकडायचा अधिकार आहे तो फक्त दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर, आणि पकडल्यावर सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, नागरिक सुरक्षा संहितेचं, ते कलम ४०. माफीनामा लिहून घ्यायचा, दंड वसूल करायचा, फोटो काढायचा अधिकार त्यात कुठेच नाही. कोणाला डांबून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धाक घालून दहापट पैसे काढले तर तो खंडणीचा मामला होतो. म्हणजे ३४९ च्या चोरीवर त्या गोदामात तिच्याहून मोठे दोन गुन्हे घडले, आणि ते करणाऱ्या कोणालाही आपण गुन्हा करतोय असं वाटलं नाही.

हे गोदाम कुठवर जाऊ शकतं ते केरळात अट्टप्पाडीत २०१८ साली दिसलं. तांदूळ चोरल्याच्या संशयावरून जमावानं एका आदिवासी तरुणाला बांधून मारलं, त्याच्यासोबत सेल्फी काढले, आणि तो मेला. २०२३ मध्ये न्यायालयानं १४ जणांना दोषी ठरवलं. त्यांतले बरेच जण गावातली साधी माणसं होती.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणूनच तर म्हणतो, कायदा कडक पाहिजे. कायदा कडक असेल तर लोक हात उगारणार नाहीत.” हे ऐकायला बरोबर वाटतं. पण इंग्लंडनं ते शंभरावर वर्षं करून बघितलं आहे, आणि तेही कापडाच्याच धंद्यात.

१६९९ मध्ये तिथं कायदा झाला की दुकानातून पाच शिलिंग किंवा जास्त किमतीचा माल चोरला तर फाशी. मग काय झालं? समोर एखादी पोरगी रिबिनी चोरल्याबद्दल उभी असायची, आणि ज्युरीत बसलेल्या दुकानदारांना, कारागिरांना तिला फासावर द्यायचा धीर होत नसे. मग ते शपथेवर मालाची किंमत ठरवायचे चार शिलिंग दहा पेन्स. माल कितीही महाग असो, किंमत पाचच्या खाली. बरेच दुकानदार तर फिर्यादच द्यायचे नाहीत. १८१० मध्ये खासदार सॅम्युअल रोमिली यांनी ही फाशी रद्द करायचं विधेयक आणलं. सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी विरोध केला, उमराव सभेत सात बिशपांनीही विरोधात मत दिलं, आणि विधेयक पडलं. पण पुढच्याच वर्षी ज्यांचं कापड उन्हात शुभ्र करायला मैदानावर पसरलेलं असायचं आणि तिथून चोरीला जायचं, त्या मालकांनीच संसदेकडे अर्ज केला की आमच्या चोरांची फाशी रद्द करा. कारण फाशी आहे म्हणून कोणी साक्ष देत नाही, कोणी दोषी ठरवत नाही, आणि चोर मोकळे सुटतात. त्यांचं ऐकलं गेलं. दुकानांतल्या चोरीची फाशी जायला १८२० चं दशक उजाडलं.

कापडवाल्यांनी स्वतः शिक्षा हलकी करून मागितली, हे ऐकून मामा हसले. मग मी त्यांना विचारलं, “तुम्ही आजवर किती जणांना पोलिसांत दिलं?”

उत्तर मला माहीत होतं. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या गल्ल्याशेजारी बसायचे. पदराखाली साडी सापडलेल्या एका बाईला त्यांनी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, दहा मिनिटं तोंडानं चांगलं सोललं आणि सोडून दिलं. तिच्याबरोबर माझ्याएवढा मुलगा होता. एकालाही त्यांनी कधी पोलिसांत दिलेलं नाही. गप्पांमध्ये सात वर्षं मागणारा हा माणूस प्रत्यक्षात चार शिलिंग दहा पेन्सच ठरवत आला आहे. मार्केटमधले बहुतेक भले दुकानदार असेच आहेत. जे भले नाहीत त्यांच्याकडे गोदाम आहे. कडक कायदा या दोघांपैकी कोणाच्याच कामाचा नाही. एकाला तो फार जड वाटतो, दुसऱ्याला त्याची गरजच वाटत नाही.

मिलानचे विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्ये लिहून ठेवलं होतं की गुन्हा रोखायला शिक्षेचा कडकपणा नाही, तिची खात्री आणि तिचा वेग लागतो. त्यानंतरच्या अडीचशे वर्षांच्या अभ्यासातून साधारण हेच पुन्हा पुन्हा निघत आलं आहे. आणि याची दुसरी बाजू मावशीसारख्यांनी ऐकावी अशी आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानं दोनशे पौंडांपर्यंतची दुकानातली चोरी हलक्या वर्गात टाकली. तेव्हापासून दुकानदार ओरडत राहिले की आता पोलीस येतच नाहीत. मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये दुकानांतल्या एकूण पाच लाख तीस हजारांहून जास्त चोऱ्या नोंदल्या गेल्या आणि सरकार ती रेघ पुसायला निघालं. कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये मतदारांनीच ९५० डॉलरखालची चोरी सौम्य ठरवली, आणि २०२४ मध्ये त्याच मतदारांनी मोठ्या बहुमतानं ती पुन्हा कडक केली. दोन्हीकडे लोकांना राग होता तो ‘काहीच होत नाही’ याचा. तो राग खरा असतो, त्याला हसू नये. तो साठत गेला की पुढच्या निवडणुकीत कोणीतरी सात वर्षांचं आश्वासन घेऊन येतो.

संशय कोणावर घेतला जातो, याबद्दल मामांशी बोलणं कठीण जातं, तरी बोलायला हवंच. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा होता. जन्मानंच माणूस चोर, असं सरकारी कागदावर लिहिलेलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. विदर्भातल्या पारधी वस्त्यांना विचारा, तो खरंच गेला का. कडक शिक्षेची मागणी करताना आपण मनात ज्याचा चेहरा आणतो तो बहुतेक वेळा असाच कोणाचा तरी असतो. धरमपेठेतल्या दुकानात मी शिरते तेव्हा माझ्यामागे कोणी येत नाही. डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल आणि हातात कापडी पिशवी असलेली बाई शिरली की एक पोरगा तिच्यामागे दोन हातांवरून चालू लागतो. तिनं काही घेतलं नाही तरी बाहेर पडताना तिची पिशवी उघडली जाते, सगळ्यांसमोर. शिक्षा जितकी मोठी, तितकी या चुकीच्या बोटाची किंमत मोठी.

तर मला काय हवं आहे? मला शिक्षा हवी. छोटी, पण चुकणार नाही अशी. पाच हजारांखालची फिर्याद त्याच दिवशी ठाण्यात लिहून घेतली जावी आणि दंडाधिकाऱ्यांसमोर पोचवायची जबाबदारी दुकानदाराची नसावी. आठवड्याभरात मुलगी उभी राहावी, माल परत व्हावा, आणि सेवा ठरावी तीही तासांत मोजून. आज नागरिक सुरक्षा संहितेत सामुदायिक सेवा म्हणजे समाजाला उपयोगी, बिनपगारी काम एवढंच लिहिलं आहे. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात, एखाद्या ग्रंथालयात, महापालिकेच्या शाळेत करण्यासारखं काम पुष्कळ आहे. चौकात गळ्यात पाटी घालून झाडू मारायला लावणं मात्र त्यात नको, ती ट्रायल रूमची भिंतच चौकात आणल्यासारखं होईल.

आणि शेवटी नोंद मिटली पाहिजे. हे आपल्या कायद्याला नवीन नाही. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात पहिल्यांदा चोरी करणाऱ्याला न्यायालयानं समज देऊन सोडायची सोय आहे, आणि तसं सोडलेल्या माणसाला पुढे नोकरीबिकरीत अपात्र ठरवायचं नाही असंही आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा तेच सांगतो. साडेसतरा वर्षांच्या मुलाची पाटी कोरी होते आणि एकोणीस वर्षांची ती ओढणीवाली मुलगी आयुष्यभर एका भिंतीवर राहते, याला काय अर्थ आहे?

मामांना यातलं बरंच पटलं, हे मला सांगायलाच हवं. मार्केटमधल्या बैठकीत फोटोंचा विषय आपण काढू, असं ते स्वतःहून म्हणाले. फोटो लावून चोऱ्या कमी झाल्या असं एकही दुकानदार छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. अडलं ते दुसऱ्या चोरीवर. दुसऱ्यांदा दोषी ठरलं की कलम ३०३ मध्ये किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे, जास्तीत जास्त पाच. मामांच्या मते हे अगदी बरोबर. एकदा सोडलं, सेवा करवली, नोंद मिटवली, तरी पुन्हा हात घातला तर मग कीव कसली?

माझं म्हणणं असं की टोळीसाठी ११२ आहेच. एकटीदुकटीनं दोनदा ओढणी उचलली, तर न्यायाधीशाला ओढणी, वय, घरची अवस्था बघायला जागा असावी, आणि किमान वर्ष लिहून ठेवलं की ती फार उरत नाही. कॅलिफोर्नियात ही जागा काढून घेतल्यावर काय झालं ते जगानं बघितलं. आधीचे गुन्हे नावावर असलेल्या एका माणसाला साधारण दीडशे डॉलरच्या नऊ व्हिडिओ कॅसेटींसाठी किमान पन्नास वर्षांची जन्मठेप झाली, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम ठेवली.

“आपल्याकडे पन्नास कुठं आहे? एकच वर्ष आहे,” मामा म्हणाले.

“ते एक वर्ष कोणाचं आहे त्यावर आहे, मामा,” मी म्हटलं.

त्यांना हे पटलेलं नाही, आणि त्यांच्या जागी रात्री नग मोजत बसले असते तर मलाही कदाचित जड गेलं असतं. अक्षय तृतीयेची गर्दी ओसरली की पुन्हा बसायचं ठरलं आहे. त्या दिवशी बर्डीवरच्या त्या मुलीलाही घेऊन ये, असं मामांनीच सुचवलं. पगार तिचा कापला गेला, झडती तिला घ्यावी लागली, आणि दुसऱ्या चोरीला काय शिक्षा असावी हे तिला अजून कोणी विचारलेलं नाही.